डॉक्टर शार्दूलचं सुतक

निकेश पहिल्यांदा खुशबूच्या घरात आला तो दारातून नाही, वरून आला.

श्रावणातली झड लागलेली. सानगडीत सोमाजींच्या घरचा टीव्ही सकाळपासून निळा पडला होता आणि त्यावर एकच वाक्य होतं, सिग्नल नाही. साकोलीहून डिशवाला बोलावला. आला तो बारीक अंगाचा, कपाळावर केसांचा मोठा कोंबडा काढलेला पोट्टा. त्यानं चपला काढल्या, बांबूची शिडी लावली आणि एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पाना घेऊन छपराच्या कवेलूंवर चढला. कवेलू शेवाळानं हिरवेगार. खालून सोमाजी म्हणाले, "बाबू, मधात पाय नको देजो गा..."

त्यानं मधातच, दोन वाशांच्या मधोमध, पाय दिला.

खाली धान ठेवायची ढोली होती, बांबूची विणलेली, छातीएवढी उंच. निकेश सरळ तिच्यात उतरला. कमरेपर्यंत धान, डोक्यावर कवेलूंचा चुरा, आणि वरच्या भोकातून पाऊस नेमका त्याच्याच टाळूवर. पडता पडता त्यानं डिशला धरायचा प्रयत्न केला होता. डिशनं काही त्याला सावरलं नाही, पण त्या झटक्यानं ती मात्र बरोबर जागेवर आली. टीव्ही लागला. पडद्यावर डॉक्टर शार्दूल हातमोजे चढवत होते.

"बाजूले होय गा," सोमाजींची बायको आनंदाबाई खाटेवरून म्हणाली. "डॉक्टर दिसून नाही राहिला."

खुशबू त्याच वेळी दवाखान्यातली ड्युटी करून साकोलीहून आली. दारात छत्री झटकली, आत पाहिलं, आणि तशीच उभी राहिली.

"माय, हे कोण होय?"

"डिशवाला."

"ढोलीत काहून उभा आहे?"

"वरून आला," माय पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

ढोलीतल्या माणसानं दोन्ही हात जोडले. "नमस्कार मॅडम. सिग्नल आला का, पाहा बरं."

त्याच्या नडगीला कवेलूनं चांगली चीर पडली होती. खुशबूनं त्याला ओसरीवर बसवलं, पाणी तापवलं, कापूस घेतला. आत टीव्हीवर पोटाचं ऑपरेशन चाललेलं, बाहेर पायाचं.

"तुम्ही सिस्टर आहा का?" निकेशनं विचारलं.

"नाही. कवेलू मोजाले आली. पाय हलवू नका."

"टीव्हीतली सिस्टर तं औषध लावताना फुंकर मारते."

"टीव्हीतल्या पेशंटले पगार भेटते. तुमाले काय भेटते?"

"मले..." त्यानं तिच्याकडे पाहिलं. पापणीला धानाचं कुसळ अडकलेलं होतं, त्यामुळे एक डोळा सारखा मिचकत होता. "मले सध्या आयोडिन भेटून राहिलं."

खुशबूनं हसू दाबलं आणि पट्टी जरा जास्तच आवळली.

आता या डॉक्टर शार्दूलबद्दल सांगायला पाहिजे. 'प्राणदीप' नावाची ती हॉस्पिटलची मालिका इतकी वर्षं चालू होती की ती सुरू झाली तेव्हा पाळण्यात असलेली पोरं आता दहावीला बसली होती. सध्या अकरावं पर्व. तेवढ्या वेळात डॉक्टर शार्दूलची स्मृती दोनदा गेली, एकदा जुळा भाऊ निघाला, हॉस्पिटल तीनदा जळलं. वय मात्र पस्तीसच्या पुढं सरकलं नाही. मास्क कायम गळ्यात, कारण तोंडावर लावला तर हिरो दिसणार कसा. खुशबू खरी नर्स. तिला ते पाहून मळमळायचं. "माय, असं सलाईन लावलं तं हात सुजन त्या माणसाचा," ती म्हणायची. माय म्हणायची, "तू डॉक्टरपेक्षा शहाणी का?" घरात नर्स असून माय बीपीची गोळी घेत नव्हती. डॉक्टर शार्दूलनं एका भागात एका म्हातारीला सांगितलं होतं की औषधापेक्षा मन आनंदी ठेवा. मायनं औषध बंद केलं. मन आनंदी ठेवणं काही तिला जमलं नाही.

कारण सूरज. खुशबूचा मोठा भाऊ. साथीच्या वर्षी त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं आणि तो परत आला नाही. माय तेव्हा घरी स्वतःच तापानं फणफणत होती. ती उठून बसेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. बापानं चार माणसांत तेरवी उरकली, कारण पाचवा यायलाच तयार नव्हता. मायनं पुढं कधी विचारलं नाही, कोणी कधी तोंडानं सांगितलं नाही. घरात त्याचं नाव निघालं की कोणीतरी उठून गाय पाहायला जायचं. आणि मग एक दिवस टीव्हीवर डॉक्टर शार्दूलनं मनगटाच्या मागच्या बाजूनं कपाळावरचे केस सारले... सूरज सारायचा तसे. त्या दिवसापासून माय साडेसातला टीव्हीसमोर बसायची ती डॉक्टर घरी गेल्याशिवाय जेवायची नाही.

निकेश कवेलू बसवून द्यायला आला. फुकट. मग एक कवेलू गळतो म्हणून पुन्हा आला. मग पावसानं सिग्नल जायला लागला, आणि सानगडीत पाऊस तर रोजच. तो वर चढायचा, खुशबू खालून शिडी धरायची.

"आला का?" वरून आवाज.

"नाही."

"आता?"

"नाही."

"नीट पाहून सांग ना. टीव्हीकडे पाहून राहिली का माह्याकडे?"

"तुह्याकडे पाह्यसारखं काय आहे? पुन्हा ढोलीत पडशीन म्हणून लक्ष ठेवून आहे."

"यावेळेस पडलो तं तुह्याच अंगावर पडन."

"पड ना. आमच्या दवाखान्यात हाडाचा डॉक्टर मंगळवारी येते."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. सोमाजींनी चहाच्या कपावर हळूच त्याचं आडनाव, गाव, शेती काढून घेतली होती आणि सगळं आपल्यातलंच निघालं म्हणून ते दुसरा कप द्यायला लागले होते. आनंदाबाईसुद्धा डॉक्टर जाहिरातीला गेला की म्हणायची, "बाबू, पोहे खाऊन जाय." एवढं ती सख्ख्या पुतण्यालाही म्हणत नव्हती.

मग पाऊस थांबला. धान लोंबीवर आलं, आभाळ धुतल्यासारखं झालं, आणि टीव्ही दिवसेंदिवस असा लख्ख दिसायला लागला की त्यात काही खोट काढायला जागाच राहिली नाही. एक आठवडा गेला. निकेश आला नाही. येणार तरी कशाला? चांगल्या डिशकडे डिशवाला येत नसतो.

मागच्या खेपेला विसरलेला त्याचा पाना खुशबूच्या घरी कोनाड्यात पडून होता. ड्युटीला सुट्टी होती. माय शेतावर. दुपारी खुशबू शिडी लावून वर चढली, मधात पाय न देता, आणि डिशचा नट अर्धा फेर ढिला केला. फक्त अर्धा. जरा चित्र फुटेल, माय कुरकुर करेल, बाप फोन लावेल, उद्या तो येईल. इतका साधा हिशोब होता.

तिला दोन गोष्टी माहीत नव्हत्या. एक, परतीचा पाऊस त्याच संध्याकाळी येणार होता. दुसरी, त्याच संध्याकाळी अकराव्या पर्वाचा शेवटचा भाग होता.

साडेसातला डॉक्टर शार्दूलला गोळी लागली. स्वतःच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये, स्वतःच्याच टेबलावर तो आडवा. सिस्टर रडून राहिल्या, मशीनवरची हिरवी रेघ खालीवर, खालीवर... मायनं पदर तोंडात धरला. बाहेर वारा सुटला. कवेलू वाजायला लागले. रेघ सरळ झाली. टीं... असा लांब आवाज आला. आणि पडदा निळा झाला.

सिग्नल नाही.

माय त्या निळ्या पडद्यासमोर बराच वेळ बसून राहिली. मग उठून तिनं टीव्हीवर धुतलेलं लुगडं टाकलं.

"डॉक्टर गेला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात चूल पेटली नाही. शेजारची पंचफुला धावत आली. तिच्या घरी पूर्ण भाग दिसला होता.

"अवं बाई, गेला नाही तो. शेवटी डोळे उघडले ना त्यानं. हासला बी. दिवाळीनंतर पुन्हा लागणार आहे, बारावा सीझन."

"असंच सांगतेत," माय म्हणाली.

"मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"मी नाही पाह्यलं."

खुशबूनं मोबाईलवर तो भाग काढला. मायच्या समोर धरला. डॉक्टर शार्दूल डोळे उघडत होता, मंद हसत होता. मायनं एकदा पाहिलं आणि मोबाईल हातानं बाजूला सारला.

"हे कालचं असन," ती म्हणाली.

ओसरीवर बसलेले सोमाजी उठून गाय पाहायला गेले.  कारण सगळ्यांना तो दुसरा मोबाईल आठवला. साथीच्या वर्षी, ताप उतरल्यावर मायनं सूरजला पाहायचा हट्ट धरला, तेव्हा तिला असाच एक व्हिडिओ दाखवला होता. सूरज पलंगावर बसून बिस्कीट खात होता. "पाहा माय, चांगला आहे," असं खुशबूच म्हणाली होती. व्हिडिओ तो जायच्या आदल्या दिवशीचा होता. दाखवला तेव्हा सूरज नव्हता.

आता कोणत्या तोंडानं सांगणार, की यावेळेस खरंच चांगला आहे?

निकेश त्याच दुपारी आला. चित्र गेलंय म्हणून सोमाजींनीच बोलावला होता. तो वर चढला. खुशबूनं शिडी धरली, खाली पाहात. वरून बराच वेळ "आला का?" असा आवाज आला नाही. तिनं मान वर केली. निकेश नटाकडे पाहात होता. नटाच्या कडेवर पान्याचे ताजे, चकचकीत ओरखडे होते. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं शिडी इतकी घट्ट धरली की बांबू करकरला.

"काय झालं होतं गा?" सोमाजींनी विचारलं.

निकेशनं नट आवळला. "वारा होता काका. नट माह्याच हातानं ढिला राह्यला होता."

आतून आनंदाबाई बाहेर आली. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुह्यामुळं मले त्याचं तोंड पाहाले नाही भेटलं," ती म्हणाली. "पुन्हा या घरात पाय नको ठेवू."

निकेशनं चपला घातल्या. खुशबूच्या तोंडात शब्द आला होता. मायच्या तोंडाकडे पाहून तो तसाच गिळला गेला.

दुसऱ्या दिवशी ड्युटीनंतर तिनं त्याला साकोलीच्या बस स्टँडवर गाठलं. पाऊस रिपरिप चाललेला, शेडखाली शेळ्या आणि माणसं एकाच बाकावर.

"सांगतलं काहून नाही?" तिनं विचारलं.

"काय सांगू? का काकू, तुमच्या पोरीनं मले पाह्यासाठी नट खोलला?"

खुशबूचे कान तापले. "अर्धाच खोलला होता."

"अर्ध्यानं एवढं झालं. पूर्ण खोलला असता तं चॅनेलच बंद पडलं असतं." तो हसायला गेला, पण तिचा चेहरा पाहून थांबला. "खुशबू... बोलावलं असतं तं आलो असतो ना."

"कोणत्या नावानं बोलावू? डिश चांगली होती."

दोघंही शेळ्यांकडे पाहात राहिले. एका शेळीनं निकेशच्या पिशवीतली वायर चघळायला घेतली, त्यानं ती हळूच ओढून घेतली.

"बाबा पोरी पाहून राहिले माह्यासाठी," तो म्हणाला. "मी म्हणलं होतं, दिवाळीच्या आधी सानगडीले जाऊ. आता त्यायले घेऊन कसा येऊ? माह्यावर तं बंदी आहे."

"मी सांगते मायले."

"काय सांगशीन?"

 खरं सांगितलं तर काय होईल ते तिला दिसत होतं. ज्या पोरीनं एकदा खोटा व्हिडिओ दाखवून सूरजचं तोंड पाहू दिलं नाही, तिनंच दुसऱ्यांदा पडदा निळा केला. माय तिला घराबाहेर काढणार नाही. माय फक्त तिच्याशी बोलणं सोडून देईल, आणि मायला ते जमतं. आणि सांगितलं नाही तर हा असाच स्टँडवर उभा राहील, आणि एक दिवस दुसऱ्या गावच्या शिडीवर चढेल.

"राहू दे," निकेश म्हणाला. "मी दोषी राहतो. सवय आहे. पाऊस आला तरी लोकं मलेच शिव्या देतेत."

सानगडीची बस आली. त्यानं तिची छत्री तिच्या हातात दिली, आणि त्या दांड्यावर दोघांची बोटं उगाचच जरा वेळ थांबली.

मायनं तेरवी धरली. डॉक्टर शार्दूलची. सोमाजी आधी म्हणाले, लोकं हासतीन. माय म्हणाली, "हासू द्या." आणि त्या रात्री ती रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सोमाजींनी ते ऐकलं आणि सकाळी उठून आचारी सांगून आले.

फलकाचं काम साकोलीच्या फ्लेक्सवाल्याकडे. त्यानं विचारलं, स्वर्गीय लिहू का कैलासवासी? जन्मतारीख? सोमाजी म्हणाले, मालिका सुरू झाली ती घाल. फोटो इंटरनेटवरून काढला. डॉक्टरचा एकच मोठा, स्वच्छ फोटो सापडला, तो कुकरच्या जाहिरातीतला. कुकर कापला तर हात कापला जात होता. म्हणून अंगणात हार घातलेला जो डॉक्टर शार्दूल उभा राहिला तो हातात तीन लिटरचा कुकर धरून हसत होता, आणि खाली लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल, आनंदाबाई सोमाजी व परिवार.'

लोकं आली. भरपूर आली. बरीचशी गंमत पाहायला आलेली, पण वरणभाताचा वास घेऊन चेहरे गंभीर करून बसली. आभाळ खाली उतरल्यासारखं झालेलं, बांधावर ओलं धान आडवं पडलेलं, आणि अंगणाच्या कोपऱ्यात न्हावी पेटी उघडून बसला होता.

"कोणाचं काढू?" न्हाव्यानं विचारलं.

लोकं एकमेकांच्या डोक्याकडे पाहायला लागली.

"नियमाचं आहे. घरच्या माणसाचं निघाले पाहिजे."

सोमाजींनी टोपी काढली. आत काहीच नव्हतं, सगळं टक्कल. न्हाव्यानं ते नीट तपासलं. "यात काय काढू मालक?"

पंगतीत कोणीतरी ठसकलं. हसण्यावर खोकल्याचं पांघरूण पडलं. मायची मान खाली गेली, आणखी खाली गेली.

फाटकाबाहेर उभा असलेला निकेश तेव्हा आत आला. घरात नाही, फक्त अंगणात. तो न्हाव्यासमोर पाटावर जाऊन बसला.

मायनं वर पाहिलं. "तू कोण त्याचा?"

"त्याले घरोघरी मीच पोचवत होतो, काकू," निकेश म्हणाला.

 मायनं न्हाव्याला मानेनं खूण केली. पाण्याचा हात फिरला, वस्तरा लागला, आणि तो जपून वाढवलेला कोंबडा ओल्या गवतासारखा मांडीवर पडायला लागला. डावी बाजू झाली. निकेशनं डोळे मिटून घेतले होते. अर्धं डोकं गुळगुळीत, अर्ध्यावर केस, आणि कपाळावरून पाण्याचा ओघळ. खुशबू भाताची बादली घेऊन पंगतीत उभी होती. तिनं बादली खाली ठेवली.

"माय, थांबव."

वस्तरा थांबला.

"त्याचा दोष नाही. नट मी ढिला केला. हा... हा येऊन नव्हता राहिला म्हणून. वर चढून, त्याच्याच पान्यानं. मले माहीत नव्हतं, त्या दिवशी शेवटचा भाग आहे म्हणून." तिनं हातातला डाव बादलीत टाकला. "डॉक्टर मेला नाही, माय. मोबाईलवर दाखवलं ते खरं होतं. यावेळेस खरं होतं."

पंगतीतले हात ताटातच राहिले. माय उठली, तिच्याजवळ आली. फार जवळ.

"तो जिता आहे?"

"जिता आहे."

"आन सूरज?"

सोमाजी गाईकडे जायला उठले होते. अर्ध्यावरच थांबले. खुशबूनं मायचा हात धरला. नाडीवर बोट आपोआप गेलं, दवाखान्यातल्या सवयीनं. खूप जोरात चालली होती.

"सूरज गेला, माय. तुले बिस्कीट खाताना दाखवला, तेव्हा तो गेला होता. मीच दाखवला होता."

माय उभीच राहिली. मग ती तिथंच, भाताच्या बादलीजवळ, खाली बसली. रडणं लगेच आलं नाही. आधी ती हळूहळू, जणू कुणाला पत्ता विचारावा तसं म्हणाली, "सूरज गेला?" पंचफुला ताटावरून उठली, उष्ट्या हातानंच तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "हो वं बाई. गेला." तिच्यामागून आणखी एक बाई उठली. मग आणखी. जी गंमत पाहायला आली होती ती सगळी. साथीच्या वर्षी कोणालाच येता आलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं न्हाव्यानं खाकरून विचारलं, "मालक, याचं काय करू? अर्धं ठेवू का?"

मायनं पदरानं तोंड पुसलं. "अर्धं कायले ठेवतं? बाकीचं सूरजच्या नावानं काढ."

वस्तरा पुन्हा चालू झाला.

"आन आता जेवाचं का नाही?" पंगतीतून एका म्हाताऱ्यानं अगदी प्रामाणिकपणे विचारलं. "सुतक लागलं ना घराले."

"जेवा," माय म्हणाली. "हे डॉक्टरचं आहे. सूरजच्या तेरवीले पुन्हा या."

पंचफुलाला प्रथा पाठ होत्या आणि त्या सांगितल्याशिवाय तिला राहवत नसे. "पण बाई, त्याले तं वर्षं झाले. आता कसं सुतक?"

"दूरचं मरण असलं तं आयकल्यापासून धरतेत. मी आज आयकलं."

"मंग पोरीचं लगन? घरात कोणी गेलं तं वर्षाच्या आत करा लागते. नाही तं तीन वर्षं थांबा लागते."

 खुशबूकडे तिनं पाहिलं नाही. तो राग होता, आणि तो लवकर जाणार नव्हता. खुशबूला मायचा राग माहीत होता. मग माय पाटावर बसलेल्या त्या ओल्या, गोट्यासारख्या डोक्याकडे पाहात, त्या डोक्यालाच म्हणावं तसं म्हणाली, "वर्ष आजपासून धरा. सुतक फिटल्यावर याच्या बापाले येऊ द्या." आणि बायांचा हात धरून आत गेली.

आतून तिचं रडणं ऐकू यायला लागलं. लांब, न थांबणारं. अंगणातली माणसं खाली मान घालून जेवत होती.

निकेश फाटकाजवळ गेला. खुशबू मागोमाग. त्याचे कान आधी इतके मोठे दिसत नव्हते. पाऊस पुन्हा सुरू झाला, बारीक, आणि त्या उघड्या डोक्यावर थेंब वेगवेगळे मोजता येत होते.

"माय माह्यासंग बोलणार नाही," खुशबू म्हणाली. "महिना... दोन महिने..."

"बोलन."

"तुले नाही माहीत."

"नाही माहीत," त्यानं कबूल केलं. "पण मी आहे ना बोलाले. तुले चालन का?"

तिनं मान हलवली. हो म्हणून हलवली की रडू आवरायला, ते तिला स्वतःलाही कळलं नाही.

"जरा पाणी दे," तो म्हणाला. "घसा कोरडा पडला."

ती वळली आणि थांबली. "आमच्या घरचं पाणी आता चालत नाही, निकेश. सुतक आहे. बाहेरच्यानं पिऊ नये."

निकेशनं आपल्या डोक्यावरून हात फिरवला. उजव्या बाजूवरून. ती सूरजची होती.

"मी आता बाहेरचा कुठी राह्यलो?" तो म्हणाला.

खुशबू आत गेली. रडणाऱ्या बायांच्या मधून, मायच्या पाठीमागून, रांजणातून तिनं पाण्याचा गडवा भरला. मायनं ते पाहिलं आणि काही म्हटलं नाही. निकेशनं पावसात उभं राहून तो दोन्ही हातांनी धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.